विश्लेषण : निवृत्त टेहळणी वैमानिक संग्रहालयात बोलतात, तेव्हा त्यातले किती खरे धरायचे?

अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ डलेस विमानतळाला लागून स्मिथसोनियन संस्थेचे उडवार-हेझी केंद्र आहे. तिथे आत शिरले की काळेकुट्ट, चपटे, लांबलचक विमान दिसते. ते ‘एसआर-७१ ब्लॅकबर्ड’. एके काळी या विमानाविषयी चकार शब्द काढायला मनाई होती. आज त्याच जातीचे विमान उडवलेले निवृत्त कर्नल बझ कार्पेंटर यांच्यासारखे लोक तिथे येणाऱ्यांना त्याची माहिती सांगतात, शाळकरी मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देतात. अशी व्याख्याने अमेरिकेतल्या अनेक उड्डाण संग्रहालयांत होतात आणि त्यांच्या चित्रफिती आपल्या मोबाइलवरही येऊन पडतात. भारतातही मे २०२५ मधल्या ‘ऑपरेशन सिंदूर’नंतर निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांच्या मुलाखतींना मोठा प्रेक्षक मिळाला. ऐकायला हे सगळे रंजक असते. पण हेरगिरीच्या उड्डाणावर गेलेला माणूस तीस-चाळीस वर्षांनी जे सांगतो ते इतिहास म्हणून घ्यायचे, की आठवणी म्हणून? याचे उत्तर अमेरिकेत आणि भारतात वेगवेगळे येते.

संग्रहालयातले हे विमान नेमके काय करायचे?

एसआर-७१ चे पहिले उड्डाण २२ डिसेंबर १९६४ रोजी झाले. एकूण ३२ विमाने बांधली गेली. त्यातली १२ अपघातांत गेली. शत्रूला मात्र एकही पाडता आले नाही. जुलै १९७६ मध्ये या विमानाने ताशी सुमारे ३,५२९ किलोमीटर वेगाचा आणि सरळ उड्डाणात सुमारे २६ किलोमीटर उंचीचा विक्रम नोंदवला. ध्वनीच्या तिपटीहून अधिक असा हा वेग. त्यावर बंदूक नाही, बॉम्ब नाही. असतात ते कॅमेरे, रडार आणि इलेक्ट्रॉनिक संदेश टिपणारी यंत्रे.

उडवार-हेझीमधले विमान तिथे आले तेही विक्रम करूनच. ६ मार्च १९९० रोजी लेफ्टनंट कर्नल एड येल्डिंग आणि जोसेफ विडा यांनी ते लॉस एंजेलिसहून वॉशिंग्टनला ६४ मिनिटे २० सेकंदांत आणले आणि संग्रहालयाच्या हवाली केले. मुंबई-पुणे प्रवासाला घाटात याहून जास्त वेळ लागतो, हे आपल्याकडच्या कोणालाही पटेल.

विमानात दोघे बसत. पुढे वैमानिक, मागे टेहळणी यंत्रणा सांभाळणारा अधिकारी. दोघांच्या अंगावर अंतराळवीरांसारखे दाबयुक्त पोशाख. हवेच्या घर्षणाने विमान इतके तापे, की नळीतले जेवण खिडकीच्या काचेला टेकवून गरम करून घेता येत असे. व्याख्यानात हा किस्सा आला की हमखास हशा पिकतो आणि तो खरा आहे.

मग वैमानिकांकडून नवे काय कळते?

गंमत म्हणजे, चांगला वक्ता असलेला वैमानिक दंतकथा वाढवण्यापेक्षा कमीच जास्त करतो. एसआर-७१ च्या टाक्या जमिनीवर गळायच्या, हे खरे. टाकीच्या सांध्यांतले लेपण तापण्या-गारठण्याच्या फेऱ्यांत टिकत नसे. त्यावरून एक समज पसरला : सगळे इंधन गळून जायचे म्हणून विमान अर्धवट टाकीने उडायचे आणि वर गेल्यावर दुसऱ्या विमानाकडून इंधन घ्यायचे. या ताफ्याचे प्रमुख राहिलेले आणि पुढे त्यावर पुस्तके लिहिणारे रिचर्ड ग्रॅहॅम यांच्यासारख्यांनी हा समज खोडून काढला. हलके विमान उडवण्याचे मुख्य कारण सुरक्षिततेचे होते. धावपट्टीवरून उठताना एक इंजिन बंद पडले, तर भरल्या टाकीचे विमान सावरणे कठीण. शिवाय तिप्पट वेगाने जाण्याआधी टाकीतली हवा काढून तिथे नायट्रोजन भरावा लागे आणि त्यासाठी हवेत टाकी पूर्ण भरून घेणे सोयीचे पडे. ही माहिती तांत्रिक पुस्तिकेतही असते, पण ती का महत्त्वाची हे उडवणाराच समजावून सांगू शकतो.

दुसरा गैरसमज याहून मोठा. हे विमान मॉस्कोवरून बेधडक जायचे, असे अनेकांना वाटते. १ मे १९६० रोजी गॅरी पॉवर्स यांचे यू-२ विमान सोव्हिएत क्षेपणास्त्राने पाडले. पॉवर्स जिवंत पकडले गेले आणि अमेरिकेची जगभर नाचक्की झाली. त्यानंतर माणूस बसलेले टेहळणी विमान सोव्हिएत भूमीवरून न्यायचे नाही, असे अमेरिकेने ठरवले. एसआर-७१ सीमेच्या कडेकडेने उडत आणि तिरक्या नजरेने आत पाहत. व्हिएतनाम, उत्तर कोरिया, पश्चिम आशिया इथे त्याची खरी कामगिरी झाली. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात तर ही विमाने अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून निघून, वाटेत अनेकदा इंधन घेत, युद्धभूमीची छायाचित्रे काढून दहा-अकरा तासांनी परतत होती.

पण सगळेच तपासून घेता येते का?

नाही. या विमानाची सर्वांत लोकप्रिय गोष्ट ब्रायन शूल यांनी सांगितलेली आहे. लॉस एंजेलिसच्या हवाई वाहतूक नियंत्रकाला एकेक वैमानिक आपला वेग विचारतो. आधी छोटे सेसना, मग त्याहून वेगवान विमान, मग तोऱ्यात असलेले नौदलाचे लढाऊ विमान आणि शेवटी ब्लॅकबर्ड. शूल यांचे मे २०२३ मध्ये निधन झाले, तरी ही गोष्ट आजही लाखो लोक ऐकतात. त्या संभाषणाची ध्वनिफीत मात्र कधी पुढे आलेली नाही. ती गोष्ट खोटी आहे असे म्हणण्याचे कारण नाही, पण ती अनेक मैफलींत सांगून घोटीव झालेली गोष्ट आहे. पुराव्याच्या तराजूत ती घालता येत नाही.

‘या विमानावर चार हजार क्षेपणास्त्रे डागली गेली’ हा आकडाही असाच सर्वत्र फिरतो. त्याच्यामागची यादी बहुतेक वेळा कोणी देत नाही. याउलट २६ ऑगस्ट १९८१ रोजी उत्तर कोरियाने एसआर-७१ वर क्षेपणास्त्र सोडले, ही घटना तारखेनिशी नोंदलेली आहे. दोन्ही वाक्ये एकाच भाषणात, एकाच आवाजात येतात आणि ऐकणाऱ्याला ती सारख्याच वजनाची वाटतात. खरी अडचण इथे आहे.

वैमानिकाला कुठवरचे माहीत असते?

टेहळणीचे काम तुकड्यांत वाटलेले असते. कोणत्या ठिकाणाची छायाचित्रे हवीत हे वर कोणीतरी ठरवतो. मार्ग दुसरे कोणी आखतो. वैमानिक तो मार्ग उडतो. फिल्म उतरवून घेतली की ती प्रयोगशाळेत जाते आणि छायाचित्र वाचणारे तज्ज्ञ भिंगाखाली तिचा अर्थ लावतात. त्यांचा अहवाल गुप्तचर यंत्रणेकडे, तिथून राजकीय नेतृत्वाकडे जातो. प्रत्येकाला गरजेपुरतेच सांगायचे हा या धंद्याचा नियम. वैमानिक पकडला गेला तर त्याच्याकडून फार काही काढून घेता येऊ नये, हाही त्यामागचा एक विचार.

म्हणजे वैमानिक हा उड्डाणाचा पहिल्या दर्जाचा साक्षीदार असतो. विमान कसे वागले, खाली काय दिसले, कुठून गोळीबार झाला, हे त्याच्याइतके कोणी सांगू शकत नाही. त्या छायाचित्रांतून काय निष्कर्ष निघाला, याबाबत तो अनेकदा ऐकीव साक्षीदार असतो. आणि सरकारने त्या निष्कर्षाचे काय केले, का केले, याबाबत तर त्याचे मत हे कोणाही जाणत्या नागरिकाचे मत असते. व्याख्यान ऐकताना हे तीन थर वेगळे काढले, तर अर्धे वाद तिथेच मिटतात. अडचण एवढीच, की मुलाखत घेणाऱ्याला सर्वांत जास्त रस तिसऱ्या थरात असतो!

कागद खुले झाले की काय बदलते?

२९ जून १९८७ ची घटना पाहा. बाल्टिक समुद्रावर एका एसआर-७१ चे इंजिन निकामी झाले. विमान झपाट्याने खाली आले आणि स्वीडनच्या हवाई हद्दीत शिरले. सोव्हिएत लढाऊ विमाने त्याला गाठू शकली असती. स्वीडन तटस्थ देश. तरीही त्याच्या हवाई दलाच्या चार व्हिगन विमानांनी, दोन-दोनच्या जोडीने, या लंगड्या विमानाभोवती कडे केले आणि त्याला हद्दीबाहेर सुखरूप सोडले. ते विमान पश्चिम जर्मनीत उतरले.

तीस वर्षे ही घटना गोपनीय होती. २०१७ मध्ये ती खुली झाली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये स्टॉकहोम इथे अमेरिकेने त्या चार स्वीडिश वैमानिकांना पदके दिली. आता अमेरिकी वैमानिक आपली बाजू सांगतो, स्वीडिश वैमानिक आपली सांगतो आणि दोन्ही बाजू नोंदींशी ताडून पाहता येतात. आठवणीत काही चूक असली तर ती दिसते. वैमानिकाचा मान त्याने कमी होत नाही, उलट त्याच्या बोलण्याला वजन येते. तटस्थ म्हणवणारा देश प्रत्यक्षात कोणाच्या बाजूला झुकला होता, या प्रश्नावरही या एका घटनेने बराच प्रकाश टाकला.

भारताकडे असे वैमानिक होते का?

होते, आणि त्यांची कहाणी अमेरिकी वैमानिकांपेक्षा कमी थरारक नाही. भारतीय हवाई दलात १९५७ पासून कॅनबेरा विमाने आली. त्यातली काही फक्त छायाचित्रणासाठी होती आणि ती १०६ व्या स्क्वाड्रनकडे होती. १८ डिसेंबर १९६१ रोजी पुण्याहून उडून दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकणारी विमाने कॅनबेराच, पण ती बॉम्बफेकी. टेहळणीच्या कॅनबेराकडे शस्त्र नसे. उंची आणि वेग एवढेच त्याचे चिलखत. १० एप्रिल १९५९ रोजी रावळपिंडीजवळ पाकिस्तानी सेबर विमानाने असे एक कॅनबेरा पाडले. आतले दोघे हवाई छत्रीने उतरले, पकडले गेले आणि पुढे मायदेशी परतले. चाळीस वर्षांनी, २१ मे १९९९ रोजी, कारगिलच्या डोंगरांवर छायाचित्रे काढणाऱ्या कॅनबेराला खांद्यावरून डागलेले क्षेपणास्त्र लागले. एक इंजिन गेले, तरी वैमानिकाने विमान श्रीनगरला उतरवले. कॅनबेरा सेवेतून गेले ते २००७ मध्ये, पन्नास वर्षे राबून.

दुसरे विमान म्हणजे मिग-२५. पाश्चात्त्य देश त्याला ‘फॉक्सबॅट’ म्हणत, आपल्या हवाई दलाने नाव दिले ‘गरुड’. १९८१ पासून २००६ पर्यंत बरेलीच्या १०२ व्या स्क्वाड्रनकडे ही मोजकी विमाने होती. ध्वनीच्या अडीच पटीहून अधिक वेग, वीस किलोमीटरहून अधिक उंची. मे १९९७ मध्ये असे एक विमान पाकिस्तानवरून गेले आणि त्याने ध्वनीची भिंत तोडल्याचा स्फोटासारखा आवाज इस्लामाबादपर्यंत ऐकू गेला, अशा बातम्या आल्या. पाकिस्तानने आरोप केला, भारताने अधिकृतपणे काही मान्य केले नाही. आज दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात मिग-२५ उघड्यावर उभे आहे. लोक त्याच्यापुढे छायाचित्रे काढून घेतात. ते कुठे कुठे जाऊन आले, याचा अधिकृत हिशेब मात्र अजून बाहेर आलेला नाही.

समुद्रावरची टेहळणी ही तिसरी शाखा. गोव्यात दाबोळीजवळच्या नौदल उड्डाण संग्रहालयात सुपर कॉन्स्टेलेशन विमान ठेवले आहे. मुळात एअर इंडियाची प्रवासी विमाने. ती पुढे हवाई दलाकडे आणि मग नौदलाकडे गेली आणि समुद्रावर लांब पल्ल्याची गस्त घालू लागली. शेजारीच अलिझे आहे. ‘विक्रांत’वरून उडणारे, पाणबुड्या शोधणारे छोटे विमान. यातले एक डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानी लढाऊ विमानाने पाडले. गोव्याला जाणारे बहुतेक जण किनाऱ्यावर जातात आणि हे संग्रहालय राहून जाते, हे जाता जाता.

जगमोहन नाथ यांची साक्ष काय सांगते?

विंग कमांडर जगमोहन नाथ यांना महावीर चक्र दोनदा मिळाले. हवाई दलात असा मान मिळवणारे ते पहिले. पहिले चक्र १९६० ते १९६२ या काळात अक्साई चीन आणि तिबेटवर केलेल्या कॅनबेराच्या टेहळणी उड्डाणांसाठी, दुसरे १९६५ च्या युद्धात पाकिस्तानवरच्या उड्डाणांसाठी. २०२३ मध्ये वयाच्या नव्वदीत, मुंबईत त्यांचे निधन झाले. अखेरच्या वर्षांत त्यांनी अनेकांना मुलाखती दिल्या. त्यांचे सांगणे थोडक्यात असे : चीनच्या जमिनीवरच्या हालचाली आम्ही टिपल्या होत्या; तिबेटमध्ये चिनी हवाई दल असल्याची चिन्हे मला दिसली नाहीत; १९६२ मध्ये आपण हवाई दल हल्ल्यासाठी वापरले असते, तर युद्धाचा निकाल वेगळा लागला असता.

आता वर सांगितलेले तीन थर इथे लावून पाहू.

चिनी फौजा आणि रस्ते दिसले, हे त्यांनी स्वतः पाहिलेले. तेही एकदा नव्हे, दोन वर्षे पुन्हा पुन्हा जाऊन. ही साक्ष भक्कम आहे आणि त्यासाठी दिलेले महावीर चक्र हाच तिचा एक सरकारी पुरावा. चिनी हवाई दलाची चिन्हे नव्हती, हे विधानही त्यांच्या डोळ्यांवर आधारलेले आहे. पण ‘मला दिसले नाही’ आणि ‘नव्हते’ यांत अंतर आहे. त्यांनी कोणत्या तारखेला कोणत्या धावपट्ट्या पाहिल्या, हे छायाचित्रांवरूनच ठरू शकते. आणि त्या छायाचित्रांचा पूर्ण संच आजवर सार्वजनिक झालेला नाही.

तिसरा मुद्दा, निकाल वेगळा लागला असता हा, वादाचा आहे. त्या वेळचे गुप्तचर विभागाचे प्रमुख बी. एन. मलिक यांचा अंदाज नेमका उलटा होता. भारताने हवाई हल्ले केले तर चीन आपल्या शहरांवर बॉम्ब टाकेल, ही धास्ती दिल्लीत होती, विशेषतः कोलकात्याबद्दल. अमेरिकेचे राजदूत गालब्रेथ यांचाही सल्ला हवाई दल हल्ल्यासाठी न वापरण्याचा होता. दुसऱ्या बाजूला, तिबेटच्या पठारावरच्या विरळ हवेत विमानांना पूर्ण भार घेऊन उडता येत नाही, त्यामुळे चीनची बाजू लंगडी होती, असे अनेक अभ्यासक सांगतात. ऑक्टोबर २०१२ मध्ये तेव्हाचे हवाई दलप्रमुख एअर चीफ मार्शल ब्राऊन यांनीही हवाई दल आक्रमक भूमिकेत वापरले असते तर निकाल वेगळा असता, असे जाहीरपणे म्हटले. याला उत्तर असेही दिले जाते, की नेफातल्या दाट जंगलांच्या अरुंद दऱ्यांत शत्रूची तुकडी वरून हेरून तिच्यावर नेमका मारा करायचा, तर पायदळ आणि हवाई दल यांचा कसून सराव असावा लागतो, आणि तो १९६२ मध्ये नव्हता.

नाथ यांची पहिली दोन विधाने खरी धरली, तर तिसरे आपोआप सिद्ध होत नाही. पण एक गंभीर प्रश्न मात्र उरतो. दोन वर्षे जीव धोक्यात घालून आणलेली छायाचित्रे आणि गुप्तचर विभागाचा अंदाज यांची सांगड कोणी घातली? घातलीच नाही का? की घालूनही छायाचित्रे बाजूला ठेवली? याचे उत्तर नाथ देऊ शकत नव्हते, कारण ती चर्चा त्यांच्यासमोर झाली नव्हती. ते फायलींत असणार. १९६२ च्या पराभवाची लष्करी चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल १९६३ मध्ये सादर झाला. तो सरकारने अजून खुला केलेला नाही. त्याचा काही भाग २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियन पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी इंटरनेटवर टाकला, तेवढाच आपल्यासमोर आहे.

भारताच्या आकाशातली गोष्ट अमेरिकेतून का कळली?

१९६२ नंतर चीनच्या हालचाली टिपण्यासाठी अमेरिकेच्या यू-२ विमानांना भारतावरून जाऊ द्यायला नेहरूंनी परवानगी दिली. ती विमाने थायलंडमधून येत. पुढे ओडिशातल्या चारबातिया इथला तळ त्यांना देण्याचे ठरले आणि मे १९६४ मध्ये तिथून पहिले उड्डाण झाले. तीन दिवसांनी नेहरूंचे निधन झाले. काही काळाने डिसेंबरमध्ये आणखी उड्डाणे झाली. १९६७ मध्ये हा अध्याय संपला.

हा तपशील आपल्याला कोणी सांगितला? सीआयएने यू-२ कार्यक्रमाचा स्वतःसाठी लिहिलेला इतिहास २०१३ मध्ये जवळपास पूर्ण खुला झाला, त्यातून तो कळला. अलिप्ततावादी म्हणवणाऱ्या देशाच्या परराष्ट्र धोरणातला हा महत्त्वाचा निर्णय. त्याची तारीखवार हकिकत भारतीय विद्यार्थ्याला अमेरिकी कागदांतून वाचावी लागते. त्यात त्यांची बाजू आहे. भारताने काय विचार करून हो म्हटले, बदल्यात काय मागितले, हे भारतीय फायलीच सांगू शकतात. दुसऱ्याच्या दप्तरातून आपला इतिहास वाचायचा, तर त्याच्या चष्म्यातूनच वाचावा लागणार.

बोलण्यावर भारतात बंधने कोणती आहेत?

२०२१ मध्ये दोन आठवड्यांच्या आत दोन उलट दिशेचे निर्णय झाले. मेअखेरीस केंद्राने निवृत्तिवेतनाच्या नियमांत बदल केला. गुप्तचर आणि सुरक्षा संस्थांतून निवृत्त झालेल्यांना आपल्या संस्थेच्या कामकाजाविषयी काहीही प्रसिद्ध करायचे, तर आधी परवानगी बंधनकारक झाली. ही यादी माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टातली. त्यात ‘एव्हिएशन रिसर्च सेंटर’चे नाव आहे. चारबातियातून कारभार करणारी, चीन युद्धानंतर उभी राहिलेली ही हवाई टेहळणीचीच संस्था. म्हणजे तिथे काम केलेल्या वैमानिकाने उद्या संग्रहालयात भाषण द्यायचे ठरवले, तर त्याचे निवृत्तिवेतन अडचणीत येऊ शकते. तिन्ही सैन्यदले त्या यादीत नाहीत, पण गोपनीयता कायदा त्यांनाही लागू आहेच. माजी लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांचे आत्मचरित्र २०२४ च्या सुरुवातीला येणार होते. तेही संरक्षण मंत्रालयाच्या तपासणीत अडकले.

जून २०२१ मध्ये याच सरकारच्या संरक्षण मंत्रालयाने युद्धांच्या नोंदी खुल्या करण्याचे धोरण जाहीर केले. नोंदी साधारणपणे २५ वर्षांत खुल्या व्हाव्यात. युद्ध संपल्यावर दोन वर्षांत समिती नेमावी, पुढच्या तीन वर्षांत इतिहास लिहून व्हावा. कारगिल आढावा समितीने अशीच शिफारस केली होती. धोरण चांगले आहे. त्यातली मेख अशी, की लिहिलेला इतिहास आधी फक्त अंतर्गत वापरासाठी असेल. तो लोकांना दाखवायचा की नाही, किती दाखवायचा, हे नंतर समिती ठरवणार.

भारतात खुलेपणा अशक्य आहे, असेही नाही. कारगिल समितीचा अहवाल काही भाग वगळून २००० मध्ये संसदेत मांडला गेला आणि पुस्तकरूपात बाजारातही आला. हिवाळ्यातली हवाई टेहळणी घुसखोर हेरण्यात कमी पडली, हे त्यात स्पष्ट लिहिले आहे. त्याने देशाची सुरक्षा ढासळली नाही. उलट तेव्हाच्या त्रुटींवर उघड चर्चा होऊ शकली.

या गुप्ततेमागे काही वाजवी कारणे असतात, हेही मान्य करायला हवे. टेहळणीची पद्धत उघड झाली तर शत्रू सावध होतो. शेजारी देशाच्या हद्दीत विमान पाठवल्याची कबुली राजनैतिक संकट ओढवू शकते. पण कॅनबेरा आणि मिग-२५ ही दोन्ही विमाने आता संग्रहालयात गेली आहेत. त्यांची फिल्म, त्यांचे कॅमेरे, त्यांचे मार्ग आजच्या लढाईत कोणाच्याच उपयोगाचे नाहीत. यू-२ सोव्हिएत संघावरून गेले होते, हे अमेरिकेने मान्य केले म्हणून रशियाने आज युद्ध पुकारलेले नाही.

उद्या बोलायला वैमानिकच नसेल तर?

फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेवर तरंगणाऱ्या चिनी फुग्याचे छायाचित्र एका यू-२ वैमानिकाने कॉकपिटमधून काढले. अमेरिकी संरक्षण खात्याने ते काही आठवड्यांत स्वतःच प्रसिद्ध केले. खिडकीतून बाहेर पाहणारा माणूस असल्याचे हे बहुधा शेवटच्या काही प्रसंगांपैकी एक. टेहळणीचे काम आता उपग्रह आणि मानवरहित विमानांकडे गेले आहे. भारताने ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेशी ३१ एमक्यू-९बी ड्रोनचा करार केला. त्यांचे चालक जमिनीवर, पडद्यासमोर बसतात. ऑपरेशन सिंदूरच्या वेळी कोणत्या धावपट्टीला किती नुकसान झाले, हे पडताळायला जगभरच्या माध्यमांनी खासगी कंपन्यांची उपग्रह छायाचित्रे वापरली. तिथे साक्षीदार माणूस नाहीच, जे आहे ते फक्त नोंद. ती नोंद बंद कपाटात राहिली, तर सांगायला कोणी उरणार नाही.

जुन्या पिढीचे तर दिवस मोजके आहेत. १९६२ मध्ये तिबेटवर उडालेले जवळपास सगळे गेले. ‘गरुड’ उडवणारे आता ज्येष्ठ नागरिक आहेत. हवाई दलाने आणि विद्यापीठांच्या संरक्षण अभ्यास विभागांनी त्यांच्या मुलाखती नीट, तारीख-वार-मार्ग विचारून, आता घेतल्या नाहीत तर पुढे समाजमाध्यमांवरचे किस्सेच हाती राहतील. किस्सा सांगणाऱ्याला तुम्ही त्या दिवशी किती वाजता उडालात, सोबत नॅव्हिगेटर कोण होता, खाली उतरल्यावर फिल्म कोणाच्या ताब्यात दिली, एवढे तीन प्रश्न विचारले, तरी आठवणीतला कस लागतो. पालमला किंवा गोव्याला असे कोणी भेटले, तर सामान्य प्रेक्षकही ते विचारू शकतो.

सरकारच्या २०२१ च्या धोरणातली २५ वर्षांची मुदत साध्या हिशेबाने मोजली, तर मे १९९७ मधल्या इस्लामाबादवरच्या त्या आवाजाला ती २०२२ मध्ये पूर्ण झाली. श्रीनगरला एका इंजिनावर उतरलेल्या कॅनबेराला ती २१ मे २०२४ रोजी पूर्ण झाली.